दाढेंतील पांढरी खूण

भरलेल्या दाढेचें क्ष-किरण-चित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं दंतवैद्याच्या हातांत पाहिलें असेल. त्यांत भरलेली जागा बहुधा पांढरीशुभ्र उमटते. परंतु हा शुभ्रपणा सर्व भरणद्रव्यांस निसर्गतःच लाभलेला नाहीं. कांहींच्या अंगीं तो मुद्दाम आणावा लागला, आणि तोंवर दंतवैद्यांची वारंवार फसगत होत असे.

राँटगेननें १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरण शोधून काढले. ती वार्ता पसरतांच, १८९६ च्या जानेवारींत, जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील ऑटो वाल्कहॉफ यानें झांकलेल्या कांचेची लहानशी तबकडी तोंडांत धरली व २५ मिनिटें निश्चल राहून स्वतःच्या दांतांचें चित्र काढविलें. आज त्याच कामास सेकंदाचा अल्प अंश पुरतो.

अमेरिकेंत न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड केल्सनें त्याच वर्षीं हें काम हातीं घेतलें. १८९९ मध्यें त्यानें दांताच्या मुळांतील पोकळींत शिशाची बारीक तार घालून चित्र घेतलें. मुळाची लांबी त्यास मोजावयाची होती. करड्या दांतांत शिशाची ती पांढरी रेघ स्पष्ट उमटली. न दिसणारी जागा दाखविण्यासाठीं दिसणारें द्रव्य आंत घालावें, ही युक्ति किती साधी! केल्सला मात्र या विद्येची फार जबर किंमत द्यावी लागली. किरणांची तीव्रता तो आपलाच हात मध्यें धरून पाही. त्या हातास कर्करोग झाला. आधीं बोटें गेलीं, मग हात गेला, आणि १९२८ मध्यें त्यानें स्वतःच आपल्या जीविताचा शेवट केला.

किरण अडविण्याची शक्ति मुख्यतः द्रव्यांतील अणूंच्या क्रमांकावर अवलंबून असते. दांतांतील कॅल्शियमचा क्रमांक २०. जस्ताचा ३०, चांदीचा ४७, पाऱ्याचा ८०. म्हणून पारा व चांदी यांचें मिश्रण चित्रांत झळकतें. जस्ताचें फॉस्फेट-सिमेंटही ठळक दिसतें. उलट, विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आलेलें सिलिकेट-सिमेंट पाहा. पुढच्या दांतांशीं रंग जुळतो म्हणून तें लोकांस आवडलें. पण त्यांतील सिलिकॉनचा क्रमांक अवघा १४ आणि ॲल्युमिनियमचा १३! आरशांत जें भरण ओळखूं येत नसे, तेंच चित्रांत काळसर खळग्यासारखें दिसे. किडलेला भागही तसाच दिसतो, कारण त्यांतील क्षार झिजून गेलेले असतात. मग वैद्यानें करावें काय? चांगलें भरण उकरावें, कीं खरी कीड तशीच वाढूं द्यावी? दोन्ही पक्षीं नुकसान रोग्याचेंच.

१९४० नंतरच्या ॲक्रिलिक राळेनें ही अडचण वाढविलीच. राफेल बोवेनच्या १९६२ च्या पेटंटांतील राळेंत सिलिकाची पूड होती. तीही या बाबतींत दुबळीच. पुढें बेरियम, स्ट्राँशियम यांची कांच त्या राळेंत मिसळूं लागले, तेव्हां मार्ग निघाला. आतां नव्या द्रव्याचा नमुना ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांच्या तुकड्याशेजारीं ठेवून चित्र घेतात. निदान तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमइतका तरी तो पांढरा दिसावा, ही अपेक्षा. ॲल्युमिनियम कां? तें दांताच्या आंतील डेंटिनच्या जवळपास बसतें, एवढेंच.

अतिशुभ्रपणाही मला दोषच वाटतो. पारा-चांदीच्या झळाळीमागें लहानशी कीड सहज लपते. मुळांत भरावयाची गटापर्चा तर मूळची झाडाचा चीक. तिची छाया पडते ती तींत मिसळलेल्या जस्ताच्या भस्मामुळें व बेरियमच्या क्षारामुळें.

म्हणून चित्रांत काळा डाग दिसला, तरी जाणता वैद्य हत्यार उचलण्यापूर्वीं रोग्यास विचारतो : हा दांत कधीं भरला होता, आणि कशानें?