चिटणिसी विद्या

कचेरींत नव्यानें रुजू झालेल्या पदवीधरास चार ओळींचें पत्र लिहितांना घाम फुटतो, ही तक्रार आपण वारंवार ऐकतों. कामकाजाचें लेखन ही मुद्दाम शिकावयाची विद्या आहे, ही कल्पनाच इंग्रजी अमदानीबरोबर आपल्याकडे आली, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें तो खरा नाहीं.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर चालत आलेलें 'मेस्तक' हें कारकुनांसाठींच होतें. मोडी लिपि त्यानेंच प्रचारांत आणिली ही परंपरा विद्वानांस सर्वस्वीं मान्य नाहीं; तथापि लेखनाच्या शिस्तीशीं लोकांनीं त्याचें नांव जोडावें, यांतच त्या शिस्तीची महती दिसते. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेस एक स्वतंत्र समास दिला. पुढें १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला. दरबारांत रुळलेल्या फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाच्या दहा वर्गांपैकीं एक 'लेखनवर्ग' आहे. दुर्ग आणि शस्त्रें यांच्या पंक्तीस लेखणीहि बसली!

उमेदवार प्रथम कित्ता गिरवी. कागदावर आधीं सबंध रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें सोडावयाचीं, ही मोडीची रीत. परंतु हात वळला म्हणजे विद्या आली असें नव्हे. खरी परीक्षा मायन्याची. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यांस 'चिरंजीव', मानकऱ्यांस 'राजमान्य राजश्री'. आज्ञापत्राचा शेवट 'जाणिजे' असा, तर अर्जाचा 'हे विनंती' असा. पत्र कोणाकडून कोणास जात आहे हें मनांत पक्कें झाल्यावांचून लेखणी चालतच नसे. कारण मायना चुकला तर मजकूर कितीहि गोड असो, वाचणारा दुखावला जाई. पत्र संपलें कीं समाप्तीची मुद्रा उठे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर ती 'मर्यादेयं विराजते' अशी आहे. तिच्यापुढें कोणी लबाडीनें अक्षर वाढवूं नये, हा तिचा उपयोग. कोठें थांबावें हेंहि चिटणिसास शिकावें लागे.

बाळाजी आवजी चिटणिसांची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. महाराजांनीं सांगितलेलें पत्र कामाच्या गर्दींत लिहावयाचें राहिलें. वाचण्याची आज्ञा होतांच बाळाजींनीं कोरा कागद हातीं धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखविलें. ही गोष्ट आपण बुद्धिचातुर्याचा दाखला म्हणून मुलांस सांगतों. आम्हांस तींत दुसरेंहि कांहीं दिसतें. धन्याच्या मनांतला मजकूर ज्यास इतका ठाऊक, त्याच्या हातीं राज्याचीं सारीं गुपितें असतात. १६८१ सालीं कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनीं याच बाळाजींस देहान्त शासन दिलें. चिटणिसी म्हणजे केवळ सुंदर अक्षर नव्हे, तो विश्वासाचा व्यवहार होता; आणि विश्वास उडाला तर त्याची किंमत शिर देऊन मोजावी लागे.

त्या शिस्तीचें फळ आपण आजहि खात आहों. १८९८ सालीं राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड काढिला. १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. ज्या कारकुनांनीं हे कागद लिहिले, त्यांस आपण इतिहास लिहीत आहों याची कल्पनाहि नसेल. त्यांनीं आपलें रोजचें काम नीट केलें, एवढेंच.

आज मायने बदलले, बोरू गेला, आणि मोडी वाचणारेहि थोडे उरले. परंतु पत्र कोणास, कशासाठीं आणि किती, हे तीन प्रश्न जुनेच आहेत. ते पूर्वीं उमेदवारास कोणीतरी शेजारीं बसवून शिकवी. आपण मात्र तरुणांस ते न शिकवितां त्यांच्या पत्रांस हंसतों. दोष कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें.