जोडलेल्या दोलकांचा हिशेब : कार्नोपासून क्वांटम इंजिनापर्यंत

आजचा विषय भौतिकशास्त्राचा असला, तरी त्यात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. सुट्या भागांचं वर्णन केलं, की त्यांच्या जोडणीचंही वर्णन झालं, असं म्हणता येतं का?

१८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने एक छोटं पुस्तक काढलं. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त काम किती मिळेल, हा त्याचा प्रश्न. उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. ती कल्पना पुढे गळून पडली, पण निष्कर्ष टिकला. मर्यादा ठरते ती दोन तापमानांवरून. आत वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही. गरम बाजू ६०० केल्विन आणि थंड बाजू ३०० केल्विन असेल, तर घेतलेल्या उष्णतेतली निम्म्याहून जास्त कामी लागणार नाही.

आता बघा, आत वाफेऐवजी तीन ऊर्जापातळ्या असलेला अणू असेल तर? १९५९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या स्कोव्हिल आणि शुल्झ-ड्युबॉय यांनी मेसरकडे असंच पाहिलं. गरम साठा अणूला खालून थेट वरच्या पातळीवर नेतो. तिथून मधल्या पातळीवर उतरताना तो थंड साठ्याला ऊर्जा देतो. आणि मधून खाली येताना जो फोटॉन बाहेर पडतो, ते आपलं काम. त्यांनी कार्यक्षमता काढली, तर तिची कमाल मर्यादा कार्नोचीच निघाली! ना पिस्टन, ना चाक, तरी हिशेब तोच.

१९८४ मध्ये रॉनी कॉस्लॉफ यांनी दोन जोडलेल्या दोलकांचं इंजिन मांडलं. एक गरम साठ्याला लागलेला, दुसरा थंड. खरी गोम आहे ती या जोडणीत. २०१४ मध्ये अमिकाम लेव्ही आणि कॉस्लॉफ यांनी दाखवलं, की प्रत्येक भागाचं साठ्याशी असलेलं नातं दुसरा भाग जणू नाहीच असं धरून लिहिलं, आणि जोडणी नंतर घातली, तर समीकरणातून उष्णता थंडाकडून गरमाकडे वाहताना दिसू शकते. म्हणजे दुसरा नियम मोडला का? नाही. जोडलेल्या दोलकांच्या ऊर्जापातळ्या एकत्रितपणे धरल्या, की ही विसंगती नाहीशी होते. पुढे २०१८ मध्ये आणखी एक उत्तर आलं : सुटी समीकरणं जिथे लागू पडतात, तिथे साठ्याशी संबंध पुन्हा पुन्हा जोडण्या-तोडण्याला काम लागतं. ते मोजा, नियम शाबूत राहतो.

दोन्ही उत्तरं एकच गोष्ट सांगतात. जोडणी फुकट नसते. तीही हिशेबात धरावी लागते. आणि नियमाचं स्थान बघा. इथे तो समीकरणाच्या कसोटीला उभा राहिला नाही, तर समीकरणच त्याच्या कसोटीला लागलं. वाफेच्या धुरात सापडलेलं एक तत्त्व दोनशे वर्षांनी क्वांटमच्या गणिताची चूक पकडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.