माण : घरांची स्थिती आणि कुटुंबाचे शिक्षण

माण (ता. मुळशी, जि. पुणे) हे हिंजवडीला लागून असलेले, एके काळी भातखाचरांचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस एमआयडीसीने उभारलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क पुढे माणच्या शिवारात पसरले. शिक्षणाने मिळकत वाढते, मिळकतीने घर पक्के होते आणि पक्क्या घरात पुढची पिढी जास्त शिकते, असे सहसा धरले जाते. माणमध्ये ही साखळी ठिकठिकाणी तुटलेली दिसते.

२०११च्या जनगणनेत भिंती, छत व जमीन यांचे साहित्य, खोल्या, शौचालय, दिवाबत्ती यांची नोंद झाली आणि घराला ‘चांगले’, ‘राहण्याजोगे’ वा ‘मोडकळीस आलेले’ असा शेरा मिळाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत ग्रामीण वंचिततेच्या सात निकषांपैकी पहिला होता कच्च्या भिंती व कच्चे छत असलेली एकच खोली. सहावा, घरात २५ वर्षांवरील एकही साक्षर नसणे. ‘एकही’ हा शब्द महत्त्वाचा. घरातल्या एका साक्षराचा लाभ निरक्षरांनाही होतो, असे अर्थतज्ज्ञ कौशिक बसू व जेम्स फॉस्टर यांनी १९९८मध्ये मांडले. जिथे गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या जातात, तिथे खरेदीखत वाचून दाखवणारे घरचे माणूस असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

जमिनीच्या पैशातून गावात कौलांच्या जागी स्लॅब आला. अशा घरातले आजी-आजोबा जेमतेम चौथी शिकलेले असू शकतात. तिथे घर शिक्षणाच्या आधी पक्के झाले. उलट, अभियंता झालेला मुलगा परगावाहून येऊन ‘कॉट बेसिस’वर राहतो, त्याच्या वाट्याला एक खाट आणि अर्धे कपाट. केवळ घर पाहून शिक्षण ताडणारा दोन्हीकडे चुकेल.

जुना संबंध पूर्ण ताकदीने उरला आहे तो बांधकाम मजुरांच्या वस्तीत. पत्र्याची एक खोली, दाराशी पाण्याचा ड्रम, चूल आणि अंथरूण एकाच जागी. एप्रिलमध्ये पत्रा तापतो, पावसाळ्यात त्यावरच्या सरींपुढे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही; अभ्यासाची वही उघडायची ती उंबऱ्यावर, उजेड असेपर्यंत. आई-वडील कामावर गेले की मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा आधी सुटते. इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते आणि मुलाचे नाव पटावर राहते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६च्या केंद्रीय कायद्याने मोफत तात्पुरते घर, स्वयंपाकाची स्वतंत्र जागा आणि पन्नासपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर मालकावर बंधनकारक केले. पाळणाघर ही घराचीच सोय मानायला हवी, कारण मोठ्या मुलीची शाळा त्या सोयीवर टिकते. पुणे परिसरात डोअर स्टेप स्कूल ही संस्था साइटवरच्या मुलांसाठी वर्ग चालवत आली आहे. अशा वर्गांची गरज माणसारख्या ठिकाणी सर्वांत जास्त.

साइट बदलणाऱ्या मुलालाही २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण कायदा प्रवेश देतो, मुक्काम नाही; म्हणून माणमध्ये पाहणी करणाऱ्याने भिंत कशाची आहे हे विचारण्याआधी, मूल या पत्त्यावर किती महिने राहिले हे विचारावे.