उशाशी मुंगूस, परसात फेरेट

साकीच्या 'स्रेदनी वश्तार' या कथेवर वर्गात चर्चा झाली की ती साधारणतः दोन वाटांनी जाते : मुलाने निर्माण केलेला धर्म, किंवा पालक म्हणून वावरणाऱ्या मिसेस डी रॉप यांचा थंडपणे झालेला मृत्यू. १९११च्या 'द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस'मध्ये ही कथा समाविष्ट झाली, आणि तेव्हापासून वाचकांचे लक्ष मुख्यतः या दोन गोष्टींनीच वेधले आहे. कथेतला फेरेट ज्या ठिकाणी ठेवलेला आहे त्या ठिकाणाकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. दहा वर्षांच्या कॉन्रॅडिनने तो खाटकाच्या पोऱ्याकडून, साठवलेली चिल्लर देऊन, पिंजऱ्यासकट विकत घेतला आहे आणि बागेच्या विसरलेल्या कोपऱ्यात, झुडपांच्या आड असलेल्या, वापरात नसलेल्या अवजारांच्या खोपटात दडवला आहे. बागेवर घराच्या खिडक्यांची नजर आहे. कोणत्याही क्षणी एखादी खिडकी उघडून 'हे करू नकोस' असा निरोप यायचा. त्या नजरेच्या टप्प्याबाहेरची तेवढीच एक जागा. ही निवड साकीची खरी, पण तिच्यामागे इंग्लंडच्या घरांचा आणि कायद्यांचा पाच शतकांचा इतिहास उभा आहे, असे मला वाटते.

आधी प्राण्याविषयी थोडे. मराठीत फेरेटला रुळलेले नाव नाही. पुष्कळदा त्याला 'मुंगसासारखा प्राणी' म्हणून वेळ मारून नेली जाते, परंतु कुळाच्या दृष्टीने तो मुंगसाचा नव्हे, पाणमांजराचा नातेवाईक. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याला माणसाळवून तो सिद्ध झाला. अंग लांब, पाय आखूड, वास उग्र, आणि अरुंद बोळकांडीत शिरण्याची अनिवार हौस. या हौसेचा मुख्य उपयोग : बिळातले ससे बाहेर काढणे. येथे आपल्या भाषेने एक घोटाळा करून ठेवला आहे. आपल्या माळरानावरचा ससा बिळात राहत नाही. तो गवतात अंग चोरून बसतो. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांचे जाळे खणून वसाहत करतो. मराठीत दोघेही 'ससा'च. फेरेट आपल्याकडे का रुजला नाही याचे एक साधे कारण या फरकात सापडते. त्याच्याजोगे काम येथे नव्हते.

स्ट्रेबोने आपल्या भूगोलग्रंथात आयबेरियातल्या सशांच्या उपद्रवाचे वर्णन केले आहे, आणि तोंडाला मुसके बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या, आफ्रिकेतून आणलेल्या प्राण्यांचाही उल्लेख केला आहे. ते बहुधा फेरेटच. प्लिनी सांगतो की बॅलिआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली होती. इंग्लंडमध्ये मात्र ससा उपद्रव म्हणून आला नाही, मालमत्ता म्हणून आला. नॉर्मनांच्या काळात त्याचे संगोपन सुरू झाले. मांस आणि कातडे दोन्ही मोलाचे होते, आणि ससे पाळण्याची राखीव माळराने सरदारांच्या व मठांच्या मालकीची होती. नॉरफकमधल्या थेटफर्ड येथे सुमारे १४०० साली मठाने बांधलेला रखवालदाराचा दगडी मनोरा आजही उभा आहे. सशांच्या राखणीसाठी गढी बांधावी लागते, यावरून चोरीची धास्ती किती होती ते कळावे.

म्हणजे कुत्र्याला घर राखता येते, मांजराला धान्य राखता येते, पण फेरेट पाळणाऱ्या गरिबाचा फेरेट कामाला येतो तो दुसऱ्याच्या जमिनीवर. पाळणेच संशयास्पद. १३९०च्या, म्हणजे दुसऱ्या रिचर्डच्या काळातल्या कायद्याने वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला, आणि दहा पौंडांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या धर्मोपदेशकाला, शिकारी कुत्रे, जाळी आणि फेरेट बाळगण्याची मनाई केली. शिक्षा एक वर्षाची कैद. कायद्याच्या प्रस्तावनेतली तक्रार लक्षणीय आहे : सणावारी भले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये असताना कारागीर, मजूर आणि चाकर शिकारीला जातात आणि त्या निमित्ताने जमून कट करतात. १३८१च्या शेतकरी बंडाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. १६७१च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. अपात्र माणसाने फेरेट ठेवला असल्याचा संशय आल्यास, न्यायाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन जमीनदाराचा शिकाररक्षक दिवसाउजेडी त्याच्या घराची झडती घेऊ शकत असे आणि बंदुका, जाळी, फेरेट जप्त करू शकत असे. मालमत्तेची ही अट १८३१ साली गेली, आणि आपल्याच शेतातले ससे मारण्याचा पक्का हक्क कुळांना मिळायला १८८० उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर 'फेरेट घरात कोठे ठेवावा' हा प्रश्न वेगळा दिसू लागतो. आज त्याचे उत्तर पशुवैद्यक देतात. तेव्हा ते झडतीच्या भीतीशी बांधलेले होते. उग्र वासामुळे त्याला माणसांच्या खोलीत कोणी घेत नसे हे खरेच, पण परसाच्या टोकाला, खोपटात, कुंपणाआड तो असणे सोयीचेही होते. रूढ झालेले खुराडे लाकडी, जमिनीपासून उचललेले, दोन कप्प्यांचे : एक बंद, अंधारा, पेंढा घातलेला, दुसरा जाळीचा. या रचनेत प्राण्याची नेमकी पारख आहे. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो आणि झोपायला त्याला बिळासारखा काळोख लागतो. विधीसाठी तो आपला एक कोपरा ठरवून घेतो. कोरडे अंथरूण असेल तर थंडी सोसतो, उष्णता मात्र मुळीच सोसत नाही. म्हणून सावली हवी, ओल नको, वारा खेळता हवा पण थेट झोत नको. खाण्याच्या बाबतीत मात्र हीच मंडळी चुकत. मांसाहारी प्राण्याला दूधपाव घालण्याची चाल इंग्लंडात दीर्घकाळ टिकली. बिळात सशाला मारून, खाऊन तेथेच झोपून जाऊ नये म्हणून मुसके बांधणे वा ओठ शिवणे याविषयी न लिहिलेलेच बरे.

दरबारी चित्रांत हेच कूळ मांडीवर आणि बाहीवर विसावलेले दिसते. हॅटफील्ड हाउसमधल्या १५८५च्या चित्रात पहिल्या एलिझाबेथच्या बाहीवर गळ्यात सोन्याचा मुकुट घातलेला पांढरा प्राणी आहे. लिओनार्दोच्या चेचिलिया गालेरानीच्या हातातला तर जगप्रसिद्ध आहे. दोघांनाही 'अर्मिन' म्हणतात, आणि अर्मिन हे शुचितेचे प्रतीक. लिओनार्दोचा प्राणी खरे तर फेरेट असावा का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. लॅटिन 'फूर' म्हणजे चोर. फेरेटचे नाव त्यावरूनच आले. राणीच्या बाहीवर चोराला बसवणे कोणत्याही चित्रकाराला परवडले नसते.

आता किपलिंगकडे वळू. 'रिक्की-टिक्की-टावी' १८९४च्या 'द जंगल बुक'मध्ये आहे. सिगौलीच्या छावणीतल्या बंगल्यात, पुराने बिळातून वाहून आलेले मुंगूस पहिल्याच रात्री इंग्रज मुलाच्या बिछान्यात झोपते. आई कुरकुरते, बाप तिची समजूत घालतो. इंग्लंडात ज्या जातीच्या कुटुंबाने असा प्राणी उंबऱ्याआत घेतला नसता, त्याच कुटुंबाने भारतात त्याला उशी दिली. कारण कथेतच आहे : नाग घरात शिरतो तो न्हाणीघराच्या मोरीतून. मुंगसाचे भक्ष्य घरात येते, म्हणून मुंगसाची जागा घरात. फेरेटचे भक्ष्य जमीनदाराच्या माळावर, म्हणून त्याची जागा परसाच्या टोकाला. प्राण्याच्या स्वभावापेक्षा शिकारीच्या मालकीने घरातली जागा ठरलेली दिसते.

आपल्याला तर मुंगूस घरात असण्याचे नवल नाही. पंचतंत्रातल्या 'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रात ब्राह्मणीने मुलासारखे वाढवलेले मुंगूस पाळण्यापाशी राखण करते, सापाला मारते, आणि रक्ताने माखलेले तोंड घेऊन सामोरे येते. आई ते रक्त बाळाचे समजते. 'स्रेदनी वश्तार'च्या अखेरीस खोपटाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या फेरेटच्या जबड्यावर आणि गळ्यावरही ओले काळसर डाग आहेत. साकीने पंचतंत्र वाचले होते की नाही हा मुद्दा येथे गौण आहे. पंचतंत्रातली आई रक्ताचा चुकीचा अर्थ लावते कारण पाळण्याजवळच्या त्या प्राण्यावर तिचा मनोमन कधीच पूर्ण विश्वास नव्हता. कॉन्रॅडिन अचूक अर्थ लावतो, कारण त्या खुराड्यात काय आहे हे सगळ्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. मिसेस डी रॉप यांना वाटते, आत गिनीपिग असतील. घराला चालण्याजोगे पाळीव प्राणी म्हणजे एवढेच, ही त्यांच्या कल्पनेची धाव.

आणि त्यांची कृती पाहा. त्या मुलाची खोली उलथीपालथी करून किल्ली शोधतात आणि दिवसाउजेडी खोपटाकडे चालू लागतात. १६७१चा शिकाररक्षक याहून वेगळे काय करत होता? फरक इतकाच की येथे हुकूमनामा लागत नाही, पालकत्व पुरते. साकीने कॉन्रॅडिनला जेवणाच्या खोलीच्या खिडकीशी उभे केले आहे. ज्या खिडक्यांतून त्याच्यावर नजर ठेवली जाई, त्यांपैकीच एकीतून तो आता खोपटाच्या दाराकडे पाहतो.

साकी, म्हणजे हेक्टर ह्यू मन्रो, १८७०मध्ये ब्रह्मदेशात अक्याब येथे जन्मला. वडील तेथील पोलीस खात्यात. १८७२मध्ये आई वारल्यावर मुलांना डेव्हनमध्ये आजी आणि दोन आत्यांकडे ठेवण्यात आले. त्यांपैकी ऑगस्टा आत्याच मिसेस डी रॉपमध्ये उतरली आहे, असे मानले जाते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगलाही १८७१मध्ये साउथसीच्या एका परक्या घरात असेच ठेवले गेले होते. वसाहतीतल्या इंग्रज आईबापांपुढे मुले कोठे ठेवावीत हा प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर ते हवापाणी, खर्च व प्रतिष्ठा पाहून देत. किपलिंगने पुढे कथेतल्या मुलाला आईबापांसह बंगला दिला आणि मुंगसाला त्याची उशी. साकीने मुलाला आत्यांचे घर दिले आणि फेरेटला खोपट. दोघांपैकी साकी अधिक प्रामाणिक वाटतो, पण हा माझा कल झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, फेरेट दिवाणखान्यात आला. सशांशी त्याचा संबंध तुटला. मजल्यामजल्यांचा तारेचा पिंजरा, कापडी झोळ्या, कोपऱ्यात विधीचे तबक. जागेचे नियमही बदलले. ऊन येणारी खिडकी नको, कारण तापमान तीस अंशांच्या वर गेले की त्याच्या जिवाला धोका. स्वयंपाकघर नको, कारण तो शीतकपाटामागच्या फटीत शिरतो. मागे कलणारी आरामखुर्ची असलेली खोली तर नकोच, तिच्या यंत्रणेत अनेक फेरेट चिरडले गेले आहेत. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणारी खोलीही पशुवैद्यकांना पटत नाही. या प्राण्याचे शरीर दिवसाच्या लांबीवर चालते, आणि त्याच्या अधिवृक्क ग्रंथींच्या विकारांशी लांबलेल्या कृत्रिम उजेडाचा संबंध असावा असे मानले जाते. जुन्या खुराड्याचा अंधारा कप्पा अशा रीतीने पुन्हा घरात आला.

कायदाही मागोमाग आला. मॅसॅच्युसेट्सने १९९६मध्ये बंदी उठवली. न्यूयॉर्क शहराने १९९९मध्ये ती घातली, आणि २०१५मध्ये ती उठवण्याचा प्रस्ताव आरोग्य मंडळात पुरेशा मतांअभावी पडला. न्यूझीलंडने एकोणिसाव्या शतकात सशांवर सोडलेले फेरेट तेथील न उडणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठले, आणि २००२मध्ये त्या देशाने त्यांची विक्री व पैदास थांबवली. कॅलिफोर्नियात फेरेट पाळण्यास आजही मनाई आहे. फेरेटसाठीचे खाद्य आणि पिंजरे मात्र तेथल्या दुकानांत उघड मिळतात. त्या राज्यात पिंजऱ्याची जागा ठरवताना ऊन, वारा आणि वास यांच्या जोडीला रस्त्यावरून दिसणारी खिडकीही मोजावी लागत असणार.