हिल डिस्ट्रिक्टचा हक्क

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १९५६ साली सुधारणेच्या नावाखाली लोअर हिल ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती पाडण्यास प्रारंभ झाला. सुमारे ८,००० माणसे व ४०० व्यवसाय उठले. तेथे १९६१ साली सिव्हिक अरीना हे क्रीडागृह उघडले. पुढे शेजारीच नवे क्रीडागृह ठरले, तेव्हा उरलेल्या वस्तीने आपला वाटा मागितला. २००८ साली करार झाला : नोकऱ्यांत रहिवाशांस अग्रक्रम आणि किराणा दुकानासाठी अर्थसाहाय्य. दुकान २०१३ साली उघडले आणि २०१९ साली बंद पडले. म्हणून करारच व्यर्थ ठरला, असे आम्हांस वाटत नाही. १९५६ साली ज्यांना नुसते हलविले, त्यांच्याशीच २००८ साली करार करावा लागला. मात्र कागदावर मिळालेला हक्क पुढे राखावाही लागतो.