नवी कादंबरी : या हातातून त्या हातात

कादंबरी हा एकांतात वाचण्याचा वाङ्मयप्रकार आहे, असे आपण वर्गात शिकवीत आलो आहोत. कविता ऐकता येते, नाटक पाहता येते, कादंबरी मात्र ज्याने त्याने आपापली वाचावयाची. मराठी वाचनव्यवहाराचा इतिहास पाहिला तर हे विधान अर्धेच खरे ठरते. आपल्याकडे कादंबरी वाचली गेली ती बहुधा कुणी तरी सुचवली, मागून आणली किंवा मोठ्याने वाचून दाखवली म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत राहून साहित्य शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना या देवघेवीचे महत्त्व अधिक जाणवते. येथे पुस्तक दुकानातून घरात येण्यापेक्षा एका घरातून दुसऱ्या घरात अधिक जाते.

या देवघेवीचे मूळ पोथीवाचनात आहे. चातुर्मासात श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई. एकाने वाचावयाचे, दुसऱ्याने अर्थ सांगावयाचा, बाकीच्यांनी ऐकावयाचे. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नसे, तरी ग्रंथ त्यांचाही असे. छापील कादंबरी आली तेव्हा तिला हा तयार श्रोतृवर्ग मिळाला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. त्यानंतरच्या तीन दशकांत कादंबरी बरीच लिहिली गेली. पण आजच्या जगण्याविषयीची आजची गोष्ट म्हणून वाचकांनी तिची वाट पाहावी, हे खऱ्या अर्थाने घडले ते हरिभाऊ आपट्यांच्या काळात.

हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये आली. आज ही कादंबरी आपण अभिजात कृती म्हणून शिकवतो. यमूचे पुढे काय होते ते विद्यार्थ्याला पहिल्या तासापासून ठाऊक असते. ‘करमणूक’च्या वाचकाला ते ठाऊक नव्हते. अंक हाती आला की तो वाचावयाचा, शेजारी द्यावयाचा आणि पुढच्या अंकापर्यंत तर्क करीत बसावयाचे. घरातील मुलींचे शिक्षण, विधवेचे केशवपन हे प्रश्न त्याच काळात घराघरांत पेटलेले होते. त्यामुळे यमूविषयीचा तर्क हा आपल्याच घरातील कुणाविषयीचा तर्क असे. सासरच्या विरोधाला तोंड देत स्वतःच्या बळावर वाचावयास शिकलेल्या काशीबाई कानिटकर आणि हरिभाऊ यांच्यातील वाङ्मयीन स्नेह प्रसिद्धच आहे. नव्या कादंबरीविषयी एका स्त्रीने लेखकाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे, ही त्या काळातील लहान घटना नव्हे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. येथील वाचनपरंपरेचा विचार करताना दोन नावे प्रथम घ्यावी लागतात. पहिले य. खु. देशपांडे यांचे. महानुभाव पंथाचे ग्रंथ कित्येक शतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. मठाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी ती त्याला वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होऊ लागला आणि ज्या संशोधकांनी हे धन सर्वांपुढे ठेवले त्यांत यवतमाळचे देशपांडे अग्रभागी होते. त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यवतमाळच्या ‘शारदाश्रम’ या संस्थेच्या रूपाने त्यांनी संशोधनाचे एक केंद्रच उभे केले. वाचनाच्या दृष्टीने या कार्याचा अर्थ साधा आहे. बंद ग्रंथ कुणी तरी उघडून दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.

दुसरे नाव लोकनायक बापूजी अणे यांचे. वणीत जन्मलेल्या, यवतमाळात वकिली केलेल्या बापूजींचे राजकीय चरित्र सर्वांना परिचित आहे. १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्यत्व आणि १९४३ मधील राजीनामा, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद. या सर्व धकाधकीत त्यांची ग्रंथांची संगत सुटली नाही. १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. उतारवयात त्यांनी टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले. १९६८ मध्ये ते निवर्तले आणि या काव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्याच वर्षी ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळात साहित्य संमेलन भरले होते, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मात्र देशपांडे आणि अणे ही विद्वानांची परंपरा झाली. सामान्य वाचकापर्यंत नवे पुस्तक पोचविण्याचे काम सार्वजनिक वाचनालयांनी केले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यामुळे अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि शासकीय अनुदान मिळून तालुक्यांतील आणि खेड्यांतील वाचनालयांना आधार मिळाला. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. तिच्यातील कौतिक आणि महादेव ही माणसे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील, त्यांचे संवाद वऱ्हाडीतील. हे संवाद वर्गात मोठ्याने वाचावयास दिले की जे घडते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रमाण मराठीच्या धाकाने एरवी गप्प बसणारा खेड्यातला विद्यार्थी ते अचूक वाचतो. कुठे हेल काढायचा, कुठे थांबायचे, हे त्याला सांगावे लागत नाही. त्या तासापुरता तो जाणकार असतो आणि शिक्षक श्रोता.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. शिकूनही बेकार राहिलेला एकनाथ, शेतीत खचत गेलेले कुटुंब, घरातल्या घरात वाढत जाणारा कडवटपणा हे तिचे विश्व. २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची दखल घेऊन पंतप्रधानांनी दौरा केला आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले ते २००६ मध्ये. म्हणजे दिल्लीला जाग येण्यापूर्वी चार वर्षे ही कादंबरी लिहून छापून झाली होती. ज्यांनी ती तेव्हाच वाचली त्यांना एकनाथाचे काय होणार हा प्रश्न आपल्या घरातील थोरल्या मुलाविषयी पडत होता. यमूच्या वाचकांचीही हीच स्थिती होती. पुढे ‘बारोमास’ अभ्यासक्रमात आली, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर तिच्यावर ‘शीर्षकाची समर्पकता’ आणि ‘एकनाथचे व्यक्तिचित्रण’ असे ठरीव प्रश्नही आले. बाजारात गाइड आले. कादंबरी तीच राहिली, वाचनाची रीत पालटली.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात दुसऱ्यांदा अखिल भारतीय संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप आल्यानंतर मागे घेतले गेले. अनेक साहित्यिकांनी निषेध केला, काहींनी बहिष्कार घातला, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन झाले ते आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील जिल्ह्याच्याच एका स्त्रीच्या हस्ते. निमंत्रण मागे घेणे अनुचित होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथे मुद्दा वेगळा आहे. त्या महिनाभरात आमच्या भोवतालच्या प्राध्यापक-कक्षांत, कट्ट्यांवर सहगल यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले, त्यांच्या कादंबऱ्यांविषयी फारच थोडे. ‘रिच लाइक अस’ ही अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी आणीबाणीच्या काळावर आहे. निमंत्रण रद्द होण्याच्या त्या प्रसंगी तिच्याइतकी समयोचित कृती शोधून सापडली नसती. वाद कादंबरीकाराचा झाला, कादंबरी कपाटातच राहिली.

हा सारा इतिहास आठवण्याचे कारण आजच्या वर्गखोलीत आहे. जुन्या कादंबरीविषयी शिक्षकाजवळ टिपणे असतात, समीक्षाग्रंथ असतात, गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. विद्यार्थ्याजवळ यातले काही नसते, म्हणून तो ऐकतो आणि लिहून घेतो. या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयी दोघांजवळही काही नसते. ती चांगली की वाईट हे कुणी ठरवून दिलेले नसते. तेथे शिक्षकाला ‘मला वाटते’ असे म्हणावे लागते आणि विद्यार्थ्याला ‘मला तसे वाटत नाही’ असे म्हणता येते. आयुष्यभर टिकणारी वाचनाची आवड बहुधा अशाच एखाद्या मतभेदापासून सुरू होते. परीक्षा संपल्यावर पुस्तक कायमचे मिटणारे पदवीधर आपण दरवर्षी पाहतो, त्यांत मराठी घेऊन एम. ए. झालेलेही असतात.

म्हणून साहित्य शिकविणाऱ्या मित्रांना आमची एक सूचना आहे. प्रत्येक सत्रात एक नवी कादंबरी, जिच्यावर अद्याप समीक्षा आलेली नाही अशी, विभागाने मिळून विकत घ्यावी. एक प्रत पुरे. ती गुणांसाठी नसावी, तिच्यावर प्रश्न काढू नयेत. आठवड्यातून एक तास कुणी तरी ती मोठ्याने वाचावी, मग ती विद्यार्थ्यांच्या हातातून फिरावी आणि शेवटच्या कोऱ्या पानावर ज्याने वाचली त्याने आपले नाव लिहावे. सत्राअखेर ती गावातील वाचनालयाला द्यावी. पुढचा वाचक कोण असेल ते आपल्याला कळणार नाही, पण आपल्या आधी ही कादंबरी किती जणांनी वाचली हे त्याला त्या पानावरून कळेल.