डॉब्ज लिनची काळी घळ

स्कॉटलंडमधल्या मॉफटहून सेल्कर्ककडे निघालेल्या गाड्या ग्रे मेअर्स टेल धबधब्यापाशी थांबतात. तुम्ही थांबू नका. घाटमाथ्यावर बर्कहिलची एकुलती कॉटेज लागते, तिथे उतरा आणि ओढ्याच्या कडेने डॉब्ज लिनच्या घळीत शिरा. सतराव्या शतकात राजाची चर्चव्यवस्था न मानणारे कव्हेनंटर इथे लपत, असं सांगतात. तुम्हाला मात्र १८७०च्या दशकात जायचं आहे.

मागच्या रस्त्यावरचं डांबर नाहीसं होतं. टक्, टक्, टक्. दरडीपाशी कुणीतरी हातोडीने काळा पाटीचा दगड फोडतंय. हे चार्ल्स लॅपवर्थ, गॅलाशील्सचे शाळामास्तर. भूविज्ञानाचं रीतसर शिक्षण नाही, पण सुटी लागली की पाय इकडे वळतात. ते एक पातळ कपची तुमच्या तळहातावर ठेवतात. तिरपी धरा. काळ्यावर चंदेरी, दातेरी रेघा चमकतील. हे ग्रॅप्टोलाइट, समुद्रात वसाहती करून तरंगणारे जीव.

या डोंगररांगांमध्ये मैलोन्‌मैल थरामागून थर लागतात, म्हणून आधीच्या सर्वेक्षकांनी इथला खडक प्रचंड जाडीचा मानला होता. लॅपवर्थ मात्र कोणत्या थरात कोणते ग्रॅप्टोलाइट आहेत ते इंचाइंचाने टिपत गेले. घळीमागून घळीत तोच क्रम पुन्हा पुन्हा सापडला. म्हणजे थोडक्या जाडीचा एकच थरसमूह दुमडून, तुटून उभा राहिला होता! लुगड्याची प्रत्येक निरी वेगळं कापड समजावं, तशी ती जुनी गफलत होती.

आता दरडीवर हात टेका आणि आणखी मागे चला, सुमारे ४४ कोटी ३० लाख वर्षं. डोक्यावर विषुववृत्ताच्या दक्षिणेचा महासागर आहे. तळाशी ना उजेड, ना प्राणवायू. गाळ उकरायला किडासुद्धा नाही, म्हणून वरून मरून पडलेला ग्रॅप्टोलाइट जसाच्या तसा चपटा होतो. दूर गोंडवन या प्राचीन महाखंडावर, आज जिथे सहारा आहे तिथे, बर्फ साठतोय. समुद्राची पातळी उतरते. बोटांखालचा काळा गाळ फिकट करडा होतो, ग्रॅप्टोलाइट जवळजवळ संपतात. मग पुन्हा काळे थर, आणि त्यांत वाचलेल्या थोडक्यांची नवी पिलावळ.

या दुसऱ्या काळ्या थरांच्या, म्हणजे बर्कहिल शेलच्या, तळापासून १.६ मीटर वर ऑर्डोव्हिशियन हा भूवैज्ञानिक कालखंड संपतो आणि सिल्युरियन सुरू होतो. सगळ्या जगासाठी ही सीमा इथेच मोजली जाते, या निसरड्या दरडीत, जिथे बहुतेक वेळा मेंढ्यांखेरीज कोणी नसतं.

'ऑर्डोव्हिशियन' हे नाव लॅपवर्थ यांचंच, १८७९ सालचं. सेजविक आणि मर्चिसन हे दोन दिग्गज भूवैज्ञानिक ज्या थरांवर आपापला हक्क सांगत भांडले, ते थर या मास्तरांनी दोघांकडूनही काढून घेतले. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेने त्या नावाला मान्यता द्यायला मात्र १९६० साल उजाडलं. लॅपवर्थ जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.